प्रा. र. धों. कर्वे : एक न फिटलेले ऋण

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा महर्षी अण्णासाहेब कर्वे असावेत. अण्णांनी विधवांसाठी आश्रम काढला, १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापन केले. त्यांचे ऋण आपण सर्वजणी मानतोच. मी मात्र लिहिणार आहे ते त्यांच्या थोरल्या चिरंजीवांबद्दल. असे का, ते ओघात येईलच.

रघुनाथरावांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. ते नऊ वर्षांचे असताना आई राधाबाई वारल्या. पुढे १८९३ साली अण्णांनी एका विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. आपल्याला पटले ते करावे आणि त्याची किंमत मुकाट्याने द्यावी, हा धडा या मुलाला असा घरातच मिळाला.

बुद्धी तल्लख होती. १८९९ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले. फर्ग्युसन कॉलेजातून पदवी घेऊन पुढे मुंबईच्या विल्सन कॉलेजात ते गणिताचे प्राध्यापक झाले. स्थिर नोकरी, समाजात मान, आणखी काय हवे? पण रघुनाथरावांना दिसत होत्या त्या वर्षाआड बाळंतपणे सोसून चिपाडासारख्या झालेल्या बायका. मूल कधी व्हावे आणि किती व्हावीत, हे त्या बाईच्या हाती असले पाहिजे, असे त्यांचे ठाम मत बनले आणि ते उघडपणे सांगू लागले. कॉलेजच्या चालकांना हे रुचले नाही. प्रचार सोडा किंवा नोकरी, असा प्रसंग आला. त्यांनी नोकरी सोडली.

१९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. आपल्या देशातले ते पहिलेच. त्याच वर्षी लंडनला मेरी स्टोप्स या बाईंनी असेच केंद्र काढले होते. म्हणजे मुंबई काही मागे नव्हती! पत्नी मालतीबाईंनी या कामात त्यांना साथ दिली. आपल्याला मूल नको, असे या जोडप्याने विचारपूर्वक ठरवले. त्या काळी मूल नसलेल्या बाईला काय ऐकावे लागत असेल, हे मी आपल्याला सांगायला नको.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. लैंगिक आरोग्य, गुप्तरोग, संततिनियमन असे विषय त्यात सरळ मराठीत मांडलेले असत. त्यातला महत्त्वाचा भाग म्हणजे वाचकांचे प्रश्न आणि त्यांना दिलेली उत्तरे. घरात कुणाला विचारता येत नाही, डॉक्टरांपुढे जीभ रेटत नाही, असे प्रश्न लोक पत्राने विचारीत आणि रघुनाथराव निःसंकोच उत्तर देत.

या धिटाईबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ सालच्या खटल्यात शंभर रुपये दंड झाला. १९३४ सालचा खटला तर वाचकांना दिलेल्या उत्तरांवरूनच झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले होते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. तरीही खटला हरला आणि दोनशे रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबले नाही. पैशाची ओढाताण सोसून त्यांनी ते अखेरपर्यंत चालवले. सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला तो १९५२ साली, आणि १४ ऑक्टोबर १९५३ रोजी रघुनाथराव गेले. त्यांची सगळीच मते मला पटतात असे नाही. ते नास्तिक होते, मी रोज देवापुढे दिवा लावते. पण त्यामुळे ऋण कमी होत नाही.

आता हे माझ्या मनात का आले, ते सांगते. बारा वर्षांपूर्वी, मी चव्वेचाळीस वर्षांची असताना, एका रात्री आमचे साधन ऐन वेळी निकामी झाले. दुसऱ्या दिवशी मुलुंड स्टेशनाजवळच्या औषधाच्या दुकानापर्यंत मी गेले. दुकानात ओळखीची माणसे उभी! डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या आणि परत आले. मनाची समजूत घातली, की ती गोळी तरुण मुलींची, आपले वय ते काय राहिले! दोन महिने पाळी चुकली, तेव्हाही वाटले, की जायचेच दिवस आहेत. प्रत्यक्षात दिवस गेले होते. पुढे डॉक्टरांकडे जाऊन जे करावे लागले, ते कायद्याला धरूनच होते. पण शरीराने आणि मनाने जे सोसले, ते कुणापाशी बोलता आले नाही.

म्हणून सांगते, चाळिशीनंतर पाळी अनियमित झाली तरी दिवस राहू शकतात. तातडीच्या गोळीला वयाची वरची मर्यादा नाही. संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी बरी, अशी ती घ्यायची. ती बीज सुटणे लांबवते. राहिलेला गर्भ तिने पडत नाही. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेतली, तर ती गोळीहूनही खात्रीची, आणि पुढे कित्येक वर्षे उपयोगी. फिट्सची किंवा क्षयाची औषधे चालू असतील तर गोळीचा गुण कमी होऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारावे. पाळी आठवडाभराहून जास्त लांबली तर तपासणी करावी. ही गोळी अडीअडचणीची, नेहमीची नव्हे. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढे दोन वर्षे, पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यावीच लागते.

एवढेच मला त्या दिवशी कुणी सांगितले असते तर! ज्या प्रश्नांची उत्तरे दिली म्हणून एका माणसाने न्यायालयात दंड भरला, ते प्रश्न विचारायला मी दुकानाच्या पायरीवर लाजले. भगिनींनो, रघुनाथरावांची तसबीर आपल्या सभागृहात लावा असे मी म्हणत नाही. दर महिन्याच्या सभेत हळदीकुंकवानंतर अर्धा तास अशा प्रश्नांसाठी ठेवावा आणि एखाद्या डॉक्टरबाईंना बोलवावे, एवढीच माझी सूचना आहे. पहिला प्रश्न मी विचारीन.