पदव्या होत्या, खोली मिळाली नाही

मुंबई-पुण्यात भाड्याची खोली शोधायला निघालेल्या आमच्या तरुणाला दलाल आधी पगार विचारत नाही, आडनाव विचारतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर गाव विचारतो, मटण-मच्छी खाता का विचारतो. मग रिकामी असलेली खोली कालच गेलेली असते! असा तरुण भेटला की आम्हाला १९१७ सालचे बडोदे आठवते.

परमपूज्य बाबासाहेब तेव्हा कोलंबिया विद्यापीठात शिकून, लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून परतले होते. शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. हुद्दा होता, पगार होता. डोके टेकायला जागा नव्हती. हिंदू खाणावळीचे दार बंद. अखेर एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन ते राहिले, तेही पारशी नाव धारण करून. सरकारी बंगल्यासाठी केलेली खटपट वाया गेली. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. बाबासाहेबांनी आठवड्याची मुदत मागितली, जमावाने संध्याकाळपर्यंतची दिली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोन मित्रांकडे विचारले. दोघांनीही सबबी सांगितल्या. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत हा महापंडित कामाठी बागेत बसून राहिला.

यात पारशी समाजाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. नवल भथेना हे बाबासाहेबांचे जिवलग मित्र पारशीच होते. दोष आहे तो जातिव्यवस्थेचा. तिचा विटाळ धर्माचे कुंपण ओलांडून शेजाऱ्याच्या मनातही शिरतो.

मुंबईत बाबासाहेबांचे घर म्हणजे परळची इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची चाळ. खोली क्रमांक ५० आणि ५१. गिरणी कामगारांच्या त्या वस्तीत त्यांनी सुमारे दोन दशके काढली. सिडनहॅम कॉलेजचे प्राध्यापक झाले, बॅरिस्टर झाले, महाडचा सत्याग्रह केला, तरी पत्ता तोच राहिला. मधल्या काळात, १९२१-२२ मध्ये, लंडनच्या किंग हेन्री रोडवरील १० क्रमांकाच्या घरात ते भाडेकरू होते. परक्या देशात भाड्याची जागा मिळाली. मायदेशात मात्र पैसे हातात असून अकराव्या दिवशी रस्त्यावर यावे लागले. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी राजगृह बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांना जागा हवी म्हणून. बडोद्यात ज्याला खोली मिळाली नाही, त्याने पुस्तकांसाठी घर उभे केले!

आज ते लंडनचे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेऊन स्मारक केले आहे. त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण स्मारकासाठी घर घेणारे शासन बाबासाहेबांच्या लेकरांना भाड्याची खोली मिळते का, हे कधी पाहणार? २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व एकाच धर्माच्या लोकांपुरते राखण्याची मुभा दिली. अशा कुंपणाआड उद्या कोण कोण लपेल, याचा विचार चळवळीने करायला हवा.

नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास मज्जाव करणे हा गुन्हा आहे. पण दलाल जात हा शब्द उच्चारतच नाही, म्हणून तो सुटतो. तेव्हा नकाराचे संदेश जपून ठेवा, साक्षीदार ठेवा, कार्यकर्त्यांना सोबत घेऊन तक्रार करा.

आमचे काही तरुण आज खोलीसाठी आडनाव लपवतात. आम्ही त्यांना हिणवणार नाही. बडोद्यात बाबासाहेबांवरही ती पाळी आली होती, आणि त्याची लाज त्या शहराला वाटायला हवी होती. मात्र तो अपमान त्यांनी गिळून टाकला नाही. स्वतः लिहून तो जगापुढे मांडला. तेवढे तरी आपण करू या.

जयभीम!