एलेन टेरी आणि तिचा पुत्र

शेक्सपियरचें ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ वाचतांना पोर्शियाची मूर्ति ज्यांच्या डोळ्यांपुढें उभी राहते, त्या विद्यार्थ्यांना कदाचित् ठाऊक नसेल कीं, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांत पोर्शिया म्हटली म्हणजे एका स्त्रीचें नांव सहजच लोकांच्या ओठीं येई. ती स्त्री म्हणजे एलेन टेरी. तिच्या अभिनयाची थोरवी पुष्कळांनीं गाइली आहे. प्रस्तुत लेखांत तिच्या चरित्राची जी बाजू सांगावयाची आहे ती तिच्या पुत्राच्या बाजूनें दिसणारी आहे, आणि ती सर्वस्वीं गोड नाहीं.

एलेनचा जन्म ता. २७ फेब्रुवारी १८४७ रोजीं कॉव्हेंट्री येथें झाला. आईबाप दोघेही गांवोगांव हिंडणारे नट. घर म्हणजे नाटकमंडळीचें बिऱ्हाड. १८५६ सालीं, नऊ वर्षांची असतां, लंडनच्या प्रिन्सेस नाट्यगृहांत ‘विंटर्स टेल’मधील बाल-राजपुत्राचें काम करून तिनें रंगभूमीवर पाऊल टाकलें. सतरावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या प्रख्यात चित्रकाराशीं तिचा विवाह झाला. तो तिच्याहून तीस वर्षांनीं मोठा होता, आणि एक वर्षाच्या आंतच तीं दोघें विभक्त झालीं. पुढें १८६८ सालीं रंगभूमि सोडून ती एडवर्ड विल्यम गॉडविन या वास्तुशिल्पज्ञाबरोबर हर्टफोर्डशायर परगण्यांतील खेड्यांत राहावयास गेली. पहिला विवाह कायद्यानें मोडलेला नसल्यामुळें हा संसार विवाहावांचूनच मांडला गेला, आणि त्या काळच्या समाजानें त्याबद्दल तिला बोल लावण्यास कमी केलें नाहीं. तेथें तिला दोन अपत्यें झालीं. १८६९ सालीं कन्या ईडिथ, आणि ता. १६ जानेवारी १८७२ रोजीं पुत्र एडवर्ड. हाच पुढें गॉर्डन क्रेग या नांवानें जगभर प्रसिद्धि पावला.

गॉडविन मोठा गुणी, परंतु व्यवहारांत कच्चा. देणीं वाढलीं, घरांतील सामानावर जप्तीचे शिपाई आले. अशांत एके दिवशीं आडरस्त्यावर एलेनच्या लहानशा गाडीचें चाक निखळलें असतां शिकारीस निघालेला एक घोडेस्वार कुंपणावरून उडी घालून पुढें आला. तो चार्ल्स रीड नांवाचा नाटककार निघाला, आणि त्याची तिची जुनी ओळख होती. रंगभूमीवर परत येतेस काय, असें त्यानें विचारतां, आठवड्यास चाळीस पौंड कोणी देईल तर येईन, असें तिनें थट्टेच्या भरांत सांगितलें. त्यानें तें तेथल्या तेथें कबूल केलें. १८७४ सालीं ती परत आली. पुढील वर्षीं गॉडविन घर सोडून गेला. मुलगा तेव्हां अवघा तीन वर्षांचा होता.

या मुलाच्या नांवाचीही एक कथाच आहे. आमच्याकडे मुलाच्या नांवापुढें बापाचें नांव लागतें व तें जन्मभर सोबत करतें. येथें तसें घडलें नाहीं. जन्मतः तो गॉडविन. १८७७ सालीं आईनें चार्ल्स वॉर्डेल या नटाशीं लग्न केलें तेव्हां तो वॉर्डेल झाला. आणि १८८८ सालीं त्याचा बाप्तिस्मा झाला त्या वेळीं एडवर्ड हेन्री गॉर्डन क्रेग. त्यांतील हेन्री हें नांव धर्मपिता हेन्री आयर्विंग याचें, आणि क्रेग हें स्कॉटलंडच्या समुद्रांतील एल्सा क्रेग नामक खडकाळ बेटाचें. एडवर्ड एवढें मात्र जन्मदात्याचें राहिलें.

आयर्विंग हा लंडनच्या लायसियम नाट्यगृहाचा चालक व त्या पिढीचा अग्रगण्य नट. १८७८ सालच्या अखेरीस एलेन ‘हॅम्लेट’मधील ओफेलिया म्हणून त्याच्या रंगभूमीवर आली, आणि १९०२ पर्यंत दोघांची जोडी टिकली. मुलांच्या दृष्टीनें याचा अर्थ असा कीं, दिवे लागले कीं आई घरीं नाहीं. खाण्यापिण्यास, कपड्यालत्त्यास वाण नव्हती. वडिलांचें नांव मात्र कानीं पडत नसे, आणि आईवर तर साऱ्या लंडनचा हक्क. मुलगा शाळेंत रमला नाहीं. जर्मनींत हायडेलबर्ग येथें ठेवला, तेथून शिस्तभंगाबद्दल त्याला काढून टाकण्यांत आलें. मग १८८९ सालीं आईनें त्याला लायसियममध्येंच घेतलें. पहिलें नाटक फ्रेंच राज्यक्रांतीवरील ‘डेड हार्ट’. त्यांत एलेनचें काम एका मातेचें आणि गॉर्डनचें तिच्याच मुलाचें! घरीं ज्या आईचा सहवास दुर्मिळ, तीच रोज रात्रीं हजारों लोकांसमक्ष आई म्हणून भेटे. मुलाच्या मनांत या गोष्टीनें काय उलथापालथ झाली असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आठ वर्षें त्यानें नटाचा धंदा केला. हॅम्लेटचीही भूमिका केली. पण आयर्विंगसारखें होणें आपणांस शक्य नाहीं आणि त्याची नक्कल करणें योग्य नाहीं, अशी खात्री झाल्यावर १८९७ सालीं त्यानें अभिनय सोडला व नेपथ्य, प्रकाशयोजना यांकडे तो वळला. घरसंसारांत मात्र वडिलांनीं जें केलें तेंच त्यानें केलें. १८९३ सालीं लग्न झालेलें, चार मुलें पदरीं. त्या सर्वांना सोडून तो निघून गेला. त्या सुनेला व नातवंडांना पैसे पाठविण्याचें काम एलेनकडे आलें, आणि तिनें तें मुकाट्यानें केलें.

आतां १९०३ सालची हकीकत सांगावयाची. लायसियम सुटलेलें, एलेनचें वय छप्पन्न. या वेळीं तिनें वेस्टमिन्स्टरमधील इंपीरियल नाट्यगृह भाड्यानें घेतलें आणि सारी व्यवस्था मुलाच्या हातीं दिली. ता. १५ एप्रिल रोजीं इब्सेनचें ‘व्हायकिंग्ज’ हें जुन्या नॉर्वेंतील सूडकथेचें नाटक लागलें. मुलानें रंगमंचाच्या कडेचे दिवे काढून टाकले व प्रकाश वरून सोडला. रंगविलेले पडदे नाहींसे केले. पोषाख करविण्याचें काम ईडिथकडे होतें. देखावा अपूर्व झाला. पण नटांचीं तोंडें अंधारांत राहिलीं, आणि लोक तर एलेनचें तोंड पाहावयास आलेले! शिवाय तिला भूमिका मिळाली ती ह्योर्डिस नांवाच्या उग्र, सूडानें पेटलेल्या स्त्रीची. जिचें सारें सामर्थ्य हास्यांत व कारुण्यांत, तिला ही भूमिका मानवणार कशी? सुमारें तीन आठवड्यांत नाटक बंद पडलें. त्याच्या जागीं घाईनें ‘मच् ॲडो अबाउट नथिंग’ बसविलें. त्यांतील चर्चच्या प्रवेशांत रंगीत कांचेंतून जमिनीवर पडणाऱ्या प्रकाशाची जाणत्यांनीं वाहवा केली. तथापि तूट भरून आली नाहीं. ती भरून काढण्यासाठीं एलेन नाटकें घेऊन गांवोगांव फिरली. मुलगा १९०४ सालीं जर्मनीस गेला आणि पुढें त्याचें बहुतेक आयुष्य परदेशांतच गेलें.

कोणी म्हणतील कीं, ही आईची आंधळी माया. लेखकास तसें वाटत नाहीं. जुन्या रंगभूमीचा बहर ओसरत चालला आहे हें इतकीं वर्षें तिच्यावर वावरलेल्या स्त्रीला दिसत नसेल असें नाहीं. शिवाय गॉडविनलाही रंगमंचाच्या सजावटीची अशीच आवड होती. १८७५ सालीं एलेननें पोर्शिया प्रथम केली तेव्हां त्या नाटकाच्या सजावटीस त्याचाच सल्ला होता. गमावलेल्या मनुष्याचे गुण मुलांत उमटलेले पाहून तिला काय वाटलें असेल?

पुढें फ्लॉरेन्सहून क्रेगनें ‘मास्क’ नांवाचें नियतकालिक काढलें. त्यांत बापाचे शेक्सपियरच्या नाटकांतील वास्तु व वेष यांविषयींचे लेख त्यानें पुन्हा छापले. १९१३ सालीं आनंद कुमारस्वामी यांचा भारतीय नाट्यतंत्रावरील लेखही त्यांत आला. परंतु सर्वांत गाजला तो क्रेगचा स्वतःचा १९०८ सालचा लेख. भावनेच्या हातचें बाहुलें झालेला नट हें कलेचें साधन होऊं शकत नाहीं. त्याच्या जागीं एक प्रकारची श्रेष्ठ कठपुतळी हवी, असें त्याचें प्रतिपादन. त्याच वर्षीं आईनें ‘माझ्या आयुष्याची कथा’ हें पुस्तक प्रसिद्ध केलें.

१९२५ सालीं सरकारनें तिला ‘डेम’ ही पदवी दिली. त्या सुमारास तिची दृष्टि व स्मृति दोन्ही मंदावल्या होत्या. तिची शुश्रूषा ईडिथनें केली. आणि खरें सांगावयाचें तर जगानें भावाची जितकी चर्चा केली तितकी या बहिणीची केली नाहीं. ता. २१ जुलै १९२८ रोजीं केंट परगण्यांतील स्मॉलहाइथ येथील आपल्या जुन्या घरीं एलेननें देह ठेवला. तें घर ईडिथनें आईचें स्मारक म्हणून सांभाळलें व १९३९ सालीं नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केलें.

१९३१ सालीं एलेन आणि बर्नार्ड शॉ यांचा पत्रव्यवहार छापला गेला. ईडिथची त्यास संमति होती, क्रेग संतापला. आईचें खाजगी मन बाजारांत मांडलें, अशी त्याची तक्रार. आणि त्यावर उपाय म्हणून त्यानें काय केलें? आईच्या अंतरंगावर स्वतःच एक पुस्तक लिहून त्याच वर्षीं छापलें! त्यांत त्यानें एका स्त्रीच्या दोन स्त्रिया केल्या आहेत. एक नेली, ती त्याची आई; दुसरी एलेन टेरी, ती जगाची, आणि तीच नेलीला वेळोवेळीं घरांतून ओढून नेणारी. पहिलीवर त्याचें निस्सीम प्रेम. दुसरीशीं त्याचें भांडण शेवटपर्यंत मिटलें नाहीं. ज्या पैशानें त्याचे प्रयोग उभे राहिले व मुलें जगलीं, तो पैसा दुसरीच्याच कमाईचा होता, हें मात्र वाचतांना आठवल्यावांचून राहत नाहीं.

१९५७ सालीं, पंचाऐंशी वर्षांचा असतां, त्यानें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें, व त्यास ‘माझ्या दिवसांच्या कथेची सूची’ असें नांव दिलें. ती सूची १८७२ पासून निघते आणि १९०७ सालीं थांबते. ता. २९ जुलै १९६६ रोजीं फ्रान्समधील व्हाँस गांवीं त्याला मृत्यु आला. तेव्हां त्याचें वय ९४ वर्षांचें होतें.