भारत जिंकून गावाकडची जमीन परत घेणारा वॉरन हेस्टिंग्ज

फेब्रुवारी १७८८. लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शिरण्यासाठी तिकिटांवर झुंबड उडाली होती. राजघराण्यातले लोक, लॉर्ड, खासदार, नट्या, चित्रकार असे सगळे एका माणसावरचा खटला बघायला जमले होते. आरोपीच्या पिंजऱ्यात होता ५५ वर्षांचा, सडपातळ, बुटका वॉरन हेस्टिंग्ज, बंगालचा माजी गव्हर्नर जनरल. आरोप होते लूट, लाचखोरी आणि भारतातल्या राजांवर, बेगमांवर केलेल्या अत्याचारांचे.

अशा वेळी कुणीही हातातला पैसा वकिलांसाठी राखून ठेवेल. हेस्टिंग्जने मात्र त्याच वर्षी ५४ हजार पौंड मोजून डेल्सफर्ड नावाचं एक आडगाव विकत घेतलं. असं का केलं, हे कळायला त्याच्या जन्माच्याही आधीपासून सुरुवात करावी लागते.

डेल्सफर्ड हे ऑक्सफर्डशायर आणि ग्लॉस्टरशायर यांच्या सीमेजवळचं छोटंसं गाव. त्या काळी ते वूस्टरशायर परगण्यात मोडायचं. हे गाव म्हणजे एक 'मॅनर' होतं. मॅनर म्हणजे केवळ मोठा वाडा नव्हे. जमीन, कुळं, गावातले हक्क आणि मान हे सगळं त्यात यायचं. आपल्याकडच्या वतनाशी त्याचं बरंच साम्य आहे. वतन गेलं की माणूस नुसता गरीब होत नाही, गावात त्याची जागाच जाते. मॅनरचंही तसंच होतं. मध्ययुगात डेल्सफर्डची जमीन वूस्टरच्या बिशपच्या ताब्यात होती आणि त्याच्याकडून ती हेस्टिंग्ज घराण्याकडे आली. पुढे कित्येक पिढ्या ती त्यांच्याकडेच राहिली.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी झाली. हेस्टिंग्ज घराणं राजा पहिल्या चार्ल्सच्या बाजूने उभं राहिलं. राजा हरला, पुढे त्याचं डोकं उडवलं गेलं, आणि त्याच्यासाठी पैसा ओतणारं हे घराणं कर्जात बुडालं. कसंबसं तगलेलं डेल्सफर्ड अखेर १७१५ साली ब्रिस्टलच्या जेकब नाइट या व्यापाऱ्याला विकावं लागलं.

घराण्याकडे उरलं ते गावच्या चर्चचं धर्मगुरूपद. वॉरनचे आजोबा त्या पदावर होते. पिकाचा दहावा भाग चर्चला देण्याची रीत होती, आणि त्या हिश्श्यावरून आजोबांचे नव्या मालकाशी दावे चालत. ज्या गावाचे मालक होतो त्याच गावात नव्या मालकाशी कोर्टात भांडायचं, आणि तेही खिसा रिकामा असताना! इतिहासकार मेकॉले यांच्या मते या दाव्यांनीच आजोबांना पुरतं धुळीला मिळवलं.

वॉरनचा जन्म ६ डिसेंबर १७३२ रोजी जवळच्याच चर्चिल गावात झाला. आई बाळंतपणानंतर थोड्याच दिवसांत गेली. बाप पोरांना सोडून निघून गेला तो वेस्ट इंडीजला, आणि तिकडेच वारला. आजोबांनी नातवाला गावच्या शाळेत शेतमजुरांच्या मुलांबरोबर बसवलं. वयाच्या सातव्या वर्षी, डेल्सफर्डजवळच्या ओढ्याकाठी पडल्या पडल्या, आपण ही जमीन परत मिळवायची असं त्याने ठरवलं, अशी आठवण तो म्हातारपणी सांगायचा. म्हातारपणच्या आठवणी थोड्या रंगतातच. पण पुढचा सगळा हिशेब पाहिला की ती खोटी वाटत नाही.

काकाने त्याला लंडनला नेलं आणि वेस्टमिन्स्टर शाळेत घातलं. तिथे तो परीक्षेत पहिला आला. १७४९ मध्ये काका वारला, आणि नव्या पालकाने हुशार मुलाला शाळेतून काढून ईस्ट इंडिया कंपनीत कारकून म्हणून चिकटवलं. १७५० साली, सतरा वर्षांचा वॉरन कलकत्त्याच्या जहाजात बसला.

पहिली पंधरा वर्षं फार फळाला आली नाहीत. कासिमबाजारची वखार, सिराजउद्दौलाच्या माणसांच्या हाती कैद, मुर्शिदाबादच्या दरबारात नेमणूक, मग कलकत्ता कौन्सिल असा प्रवास झाला. पहिली बायको मेरी आणि तान्ही मुलगी भारतातच गेल्या. मुलगा जॉर्जला इंग्लंडला पाठवलं होतं. १७६५ मध्ये हेस्टिंग्ज परतला तेव्हा तोही या जगात नव्हता. बाकीचे इंग्रज बंगालमधून गाडग्यांनी मोहरा आणत असताना हा मात्र बेताचाच पैसा घेऊन आला, आणि तोही नातेवाइकांत वाटून, चुकीच्या ठिकाणी गुंतवून संपवला. डेल्सफर्ड आणखी लांब गेलं. १७६९ मध्ये तो पुन्हा जहाजात बसला. याच प्रवासात त्याला मारियन भेटली. ती इमहॉफ नावाच्या जर्मन चित्रकाराची बायको. त्यांचा घटस्फोट झाल्यावर १७७७ मध्ये हेस्टिंग्जने तिच्याशी लग्न केलं.

१७७२ मध्ये तो बंगालचा गव्हर्नर झाला, १७७४ मध्ये पहिला गव्हर्नर जनरल. पगार वर्षाला २५ हजार पौंड. सरळ हिशेबाने पाहिलं तर दोन-तीन वर्षांच्या पगारात मॅनर मिळत होतं. पण कौन्सिलमधले फिलिप फ्रान्सिस आणि त्याचे साथीदार हाडवैरी निघाले. १७८० मध्ये तर हेस्टिंग्ज आणि फ्रान्सिस यांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांवर पिस्तुलं झाडली. फ्रान्सिस जखमी झाला, पण वाचला, आणि लंडनला जाऊन त्याने पुढची वर्षं सूड उगवण्यात घालवली.

महाराष्ट्राचा संबंध येतो तो इथेच. राघोबादादांना पेशवा करण्याच्या नादात मुंबईकर इंग्रजांनी मराठ्यांशी युद्ध ओढवून घेतलं. जानेवारी १७७९ मध्ये त्यांची फौज वडगावला कोंडली गेली आणि त्यांना नामुष्कीचा करार करावा लागला. कलकत्त्यात बसलेल्या हेस्टिंग्जने तो करार झिडकारला. गोडार्डची फौज त्याने बंगालमधून देश आडवा ओलांडून सुरतेला पाठवली होती. पॉफमने १७८० मध्ये ग्वाल्हेरचा किल्ला घेतला. तरीही नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांच्यापुढे इंग्रजांची डाळ शिजली नाही. दक्षिणेत हैदरअलीही उठला होता. अखेर १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. साष्टी इंग्रजांकडे राहिली, पण राघोबांचा पक्ष त्यांनी सोडला आणि सवाई माधवरावांना पेशवा म्हणून मान्य केलं.

या युद्धांचा खर्च प्रचंड होता, आणि तो भागवण्यासाठी हेस्टिंग्जने जे केलं तेच पुढे त्याच्या गळ्याशी आलं. बनारसच्या राजा चैतसिंहाकडे ठरलेल्या खंडणीवर दरसाल पाच लाख रुपये मागितले. मग दंडाची भाषा केली आणि १७८१ मध्ये त्याच्याच शहरात जाऊन त्याला अटक केली. शहर पेटलं आणि गव्हर्नर जनरलला चुनारच्या किल्ल्यात पळावं लागलं. तिथे पैसा मिळाला नाही म्हणून अवधच्या बेगमांचे खजिने नवाबाकरवी जबरदस्तीने उघडले. त्यासाठी त्यांच्या नोकरांना कैदेत हाल सोसावे लागले. यातला बहुतेक पैसा कंपनीच्या तिजोरीत गेला, हे खरं आहे. बेगमांना त्याने काय फरक पडणार होता?

१७८५ मध्ये तो इंग्लंडला परतला आणि डेल्सफर्डच्या मागे लागला. एडमंड बर्क त्याच्या मागे लागला होता. १७८८ मध्ये खटला उभा राहिला आणि त्याच वर्षी नाइट घराण्याकडून मॅनर परत मिळालं, तब्बल ७३ वर्षांनी. मग जुनं घर दुरुस्त करून राहावं, तर नाही. सॅम्युअल पेपिस कॉकरेल या वास्तुरचनाकाराकडून त्याने नवं कोरं घर बांधून घेतलं, वर घुमट चढवला. आतल्या शेकोट्यांवर भारतीय प्रसंग कोरलेले होते, आणि दालनांत मुर्शिदाबादच्या मुन्नी बेगमेकडून भेट आलेलं हस्तिदंती फर्निचर. एकीकडे गवंडी, दुसरीकडे वकील, दोन्ही बिलं एकाच वेळी वाढत होती.

खटला सात वर्षं चालला. ऐकणारे कित्येक लॉर्ड दरम्यान मरून गेले. २३ एप्रिल १७९५ रोजी हेस्टिंग्ज निर्दोष सुटला, पण खर्च झाला होता सत्तर हजार पौंडांहून अधिक. मालकाला मॅनर मिळालं आणि मॅनर राखायला पैसा उरला नाही. कंपनीने वर्षाला चार हजार पौंडांचं पेन्शन आणि ५० हजारांचं बिनव्याजी कर्ज दिलं म्हणून घर वाचलं. लॉर्ड होण्याची आशा मात्र अपुरीच राहिली.

उरलेलं आयुष्य त्याने गावातच काढलं. कविता करायच्या, घोड्यावर रपेट करायची, आणि इंग्लंडच्या थंडीत भारतातली झाडं जगवायचा खटाटोप. तिबेटकडून आणवलेला एक याकही समुद्रप्रवासातून वाचला आणि जॉर्ज स्टब्ज या प्राणिचित्रकाराने त्याचं चित्र काढलं. १८१३ मध्ये साक्षीसाठी तो पार्लमेंटात गेला, तेव्हा एकेकाळी त्याच्यावर आरोप ठेवणारं ते सभागृह टोप्या काढून उभं राहिलं. १८१६ मध्ये त्याने गावचं जीर्ण चर्च नव्याने बांधलं. २२ ऑगस्ट १८१८ रोजी तो वारला आणि त्याच चर्चपाशी पुरला गेला. त्याच जून महिन्यात इकडे राघोबादादांचा मुलगा दुसरा बाजीराव इंग्रजांना शरण गेला होता. तेव्हाचा गव्हर्नर जनरलही हेस्टिंग्ज नावाचाच, पण तो लॉर्ड हेस्टिंग्ज वेगळा. पुस्तकांत या दोघांची हमखास गल्लत होते.

पुढे मॅनरचं काय झालं? हेस्टिंग्जला स्वतःचं मूल उरलं नव्हतं. १८३७ मध्ये मारियन गेली आणि सगळं तिच्या पहिल्या नवऱ्याच्या मुलाकडे, चार्ल्स इमहॉफकडे आलं. म्हणजे ज्या घराण्यासाठी एवढा आटापिटा केला, त्याच्याकडे मॅनर जेमतेम तीस वर्षं टिकलं. १८५३ मध्ये इमहॉफ वारला आणि मालमत्ता विकली गेली. नवा मालक हार्मन ग्राइझवुड याने हेस्टिंग्जचं चर्च पाडून तिथे दुसरं बांधलं. दुसऱ्या महायुद्धानंतर हे घर वृत्तपत्रसम्राट लॉर्ड रॉदरमियर यांनी घेतलं, मग कलासंग्राहक बॅरन थिसन यांनी. १९८०च्या दशकाच्या अखेरीस ते बॅमफर्ड कुटुंबाकडे गेलं. आपल्याकडे गावोगावी माती उपसताना दिसणारं पिवळं जेसीबी यंत्र याच कुटुंबाच्या कंपनीचं. आज डेल्सफर्ड हे नाव इंग्लंडमध्ये सेंद्रिय भाजीपाल्याच्या आणि चीजच्या दुकानांवर झळकतं.