स्वांटे आऱ्हेनियस

स्वीडन देशातील उप्साला नगराजवळ विक येथे १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वांटे आऱ्हेनियस यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जमिनीच्या मोजणीचे काम करीत. स्वांटे तिसऱ्या वर्षीच आपले आपण वाचावयास शिकले.

पुढे १८८१ मध्ये ते स्टॉकहोमला गेले आणि द्रावणांतून वीज कशी वाहते, याचा अभ्यास करू लागले. कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. शुद्ध पाण्यातूनही ती जवळजवळ वाहत नाही. परंतु तेच मीठ पाण्यात विरघळविले, की वीज सहज वाहू लागते. असे का व्हावे? विजेच्या प्रवाहामुळे मिठाचे रेणू फुटतात, अशी त्या काळी बहुतेकांची समजूत होती. अखेर आऱ्हेनियस यांना उलगडा झाला. मीठ विरघळताच त्याचे सोडियम व क्लोराईड हे विद्युतभारित कण विलग होतात. त्यासाठी प्रवाहाची गरज नसते. या कणांना आयन म्हणतात.

या विचाराचे बीज असलेला प्रबंध त्यांनी १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केला. परीक्षकांना तो पटला नाही. सोडियम हा पाण्यात पेट घेणारा धातू आणि क्लोरीन हा विषारी वायू. ते मिठाच्या पाण्यात निरुपद्रवीपणे कसे राहतील, अशी शंका पुढेही अनेक विद्वान घेत. विद्युतभारामुळे कणाचे गुणधर्मच पालटतात, हे त्यांच्या ध्यानी येत नव्हते. प्रबंधाला चौथी श्रेणी मिळाली. विद्यापीठात अध्यापक होण्याची आशा जवळजवळ मावळली.

तथापि आऱ्हेनियस खचले नाहीत. त्यांनी प्रबंधाच्या प्रती परदेशी शास्त्रज्ञांकडे धाडल्या. त्यांपैकी रीगा येथील ओस्टवाल्ड यांना त्यांचे महत्त्व तत्काळ उमगले व ते स्वतः उप्सालास येऊन त्यांना भेटले. त्यानंतर विद्यापीठाने आऱ्हेनियस यांना अध्यापकपद दिले. १८८७ मध्ये त्यांनी आपला सिद्धांत पूर्ण स्वरूपात मांडला.

या सिद्धांतामुळे रासायनिक समीकरणांचा अर्थ अधिक स्पष्ट झाला. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात मिठाचे द्रावण ओतले, की पांढरा साका तळाशी बसतो. समीकरणात डावीकडे सिल्व्हर नायट्रेट व सोडियम क्लोराईड आणि उजवीकडे सिल्व्हर क्लोराईड व सोडियम नायट्रेट असे लिहितात. दोन्ही बाजूंचे अणू सारखेच भरतात. परंतु प्रत्यक्षात सिल्व्हर व क्लोराईड यांचाच संयोग होतो. सोडियम व नायट्रेट पूर्वीप्रमाणेच पाण्यात मोकळे संचार करीत राहतात. साका देणाऱ्या अशा क्रियेस अवक्षेपण म्हणतात.

आम्ल व अल्क यांच्या संयोगाने पाणी व क्षार होतात, त्या क्रियेस उदासिनीकरण म्हणतात. हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या वा नायट्रिक आम्ल, कॉस्टिक सोडा घ्या वा कॉस्टिक पोटॅश; सारख्या प्रमाणात घेतल्यास उष्णता जवळजवळ तितकीच निर्माण होते. हे कोडेही आता सुटले. समीकरणे निरनिराळी दिसली, तरी त्या सर्वांत हायड्रोजन व हायड्रॉक्सिल या आयनांपासून पाणीच बनत असते.

१९०३ मध्ये आऱ्हेनियस यांना याच सिद्धांतासाठी रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश नागरिक होत. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे त्यांचे निधन झाले. ज्या विचाराला एकदा चौथी श्रेणी मिळाली, तोच आज जगातील शाळाशाळांतून शिकविला जातो.