सेनापतीण उमाबाई दाभाडे

मराठ्यांच्या इतिहासांतील कर्तबगार स्त्रियांचीं नांवें निघालीं म्हणजे ताराबाई व अहल्याबाई यांचीं नांवें प्रथम ओठांवर येतात. परंतु आपल्या खानदेशच्या शेजारीं बागलाणांत जन्मलेली एक स्त्री सेनापतींच्या दौलतीची धनीण झाली, याचें स्मरण पुष्कळांस नसतें. म्हणून तिचें चरित्र आमच्या वाचकांपुढें थोडक्यांत मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उमाबाई या सप्तशृंगगडाजवळील अभोणा गांवच्या ठोके देशमुखांच्या कन्या. त्यांचा विवाह तळेगांवच्या खंडेराव दाभाड्यांशीं झाला. खंडेरावांनीं बागलाण व गुजरात या प्रांतांत मराठ्यांचा अंमल बसविला, आणि इ. स. १७१७ सालीं शाहू महाराजांनीं त्यांस सेनापतिपद दिलें. गुजरातची चौथाई हा या घराण्याच्या दौलतीचा पाया होता.

१७२९ सालीं खंडेराव वारले व वडील पुत्र त्रिंबकराव सेनापति झाले. त्याच सुमारास गुजरातच्या चौथाईवर पेशव्यांनीं हक्क सांगितला. तंटा विकोपास गेला. त्रिंबकरावांनीं निजामाशीं संधान बांधिलें, आणि १ एप्रिल १७३१ रोजीं डभईजवळ बाजीरावांशीं झालेल्या लढाईंत ते पडले. दोन वर्षांच्या आंत पति व पुत्र दोघेही गेले! शाहू महाराजांनीं मध्यस्थी करून धाकटे यशवंतराव यांस सेनापतिपद दिलें, व गुजरातचें निम्में उत्पन्न पेशव्यांमार्फत सरकारांत भरावें असें ठरविलें. यशवंतराव वयानें लहान, म्हणून सर्व कारभार उमाबाईंच्या हातीं आला.

पुढच्याच वर्षीं जोधपूरचा राजा व गुजरातचा मोंगल सुभेदार अभयसिंह यानें दाभाड्यांचे सरदार पिलाजी गायकवाड यांचा कपटानें खून करविला. तेव्हां १७३३ सालीं उमाबाई स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर चालून गेल्या. शोकांत बुडालेली विधवा कोपऱ्यांत बसून राहील असें ज्यांस वाटलें असेल, त्यांस हें उत्तर होतें. अभयसिंहास तह करून मराठ्यांचे हक्क मान्य करावे लागले.

परंतु यशवंतराव व्यसनाधीन निघाले, आणि खरी सत्ता पिलाजींचे पुत्र दामाजी गायकवाड यांजकडे सरकत गेली. १७४९ सालीं शाहू महाराज निवर्तले व उमाबाईंचा मोठा आधार तुटला. सरकारांत भरावयाचा भाग कित्येक वर्षें भरला गेला नव्हता. इकडे पेशवे नानासाहेब कर्जांत होते. त्यांनीं निम्म्या गुजरातची मागणी केली. ही मागणी अगदींच निराधार होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु ज्या प्रांतासाठीं पति झिजला व पुत्र पडला, तो मुकाट्यानें वांटून देणें उमाबाईंस कसें रुचावें? त्या ताराबाईंच्या पक्षास मिळाल्या व त्यांनीं दामाजींस फौजेनिशीं पाठविलें. १७५१ च्या मार्चांत साताऱ्याजवळ निंब येथें दामाजींनीं पेशव्यांच्या सैन्याचा मोड केला. पण पुढें स्वतःच कोंडींत सांपडून ते कैद झाले, आणि उमाबाई व यशवंतराव यांसही अटक झाली.

१७५२ सालीं दामाजींनीं निम्मा गुजरात सोडून देण्याचें कबूल केलें व आपली सुटका करून घेतली. चाकराचें घराणें पुढें बडोद्याच्या गादीवर नांदलें. धन्याच्या घराण्याची दौलत मात्र लयास गेली. २८ नोव्हेंबर १७५३ रोजीं पुणें येथें उमाबाईंचा अंत झाला.

वारशानें आलेला हक्क कागदावर कितीही भक्कम असो. घरांत एकी, हाताखालीं विश्वासू माणसें व हिशेबांत चोखपणा नसेल तर तो टिकत नाहीं, हाच या चरित्राचा बोध आम्हांस वाटतो. उमाबाईंची चौथाई गेली, पद गेलें. परंतु माहेरच्या सप्तशृंगगडावर त्यांनीं बांधविलेल्या पायऱ्यांवर कोणासच निम्मा वांटा मागतां आला नाहीं. चैत्रांत पायीं जाणाऱ्या खानदेशच्या यात्रेकरूंस त्या सर्वांच्या सर्व मिळाल्या आहेत. पिंप्राळ्याहून गडास जाणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं त्या चढतांना या मानी सेनापतिणीचें क्षणभर स्मरण करावें, एवढीच आमची इच्छा आहे.