चष्म्यासाठी मंत्रिपद सोडणारा माणूस

तेराव्या वर्षी तुम्ही आठवीत असाल, हो ना? वेल्समधल्या ट्रेडेगरचा अनायरिन बेव्हन त्या वयात कोळशाच्या खाणीत उतरला. खाणीतल्या धुळीने १९२५ साली वडिलांचा जीव घेतला; भरपाई शून्य. पण गावात एक सोय होती. कामगार पगारातून वर्गणी काढायचे, त्यातून घरच्यांनाही डॉक्टर मिळायचा. आरोग्यमंत्री झाल्यावर बेव्हन यांनी हीच कल्पना देशभर नेली. ५ जुलै १९४८ पासून ब्रिटनमध्ये उपचार मोफत, पैसा मुख्यतः करांतून! खर्च मात्र अंदाजाबाहेर गेला. १९५१ मध्ये सरकारने चष्मे आणि कवळ्यांचे सुमारे निम्मे पैसे रुग्णांकडून घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी मंत्रिपदच सोडलं. १९६० मध्ये ते गेले. तुम्ही त्या मंत्रिमंडळात असता, तर कात्री कुठे लावली असती?