कार्डांच्या पेटीतून उभे राहिलेले शास्त्र

मनाच्या आजारांविषयी आता घराघरांत बोलले जाते. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, अल्झायमर हे शब्द वर्तमानपत्रांतून, मालिकांतून आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या बोलण्यातून कानांवर पडतात. या तिन्ही शब्दांचा माग काढत मागे गेले, तर आपण एकाच माणसाच्या दारात जाऊन पोहोचतो. तो माणूस म्हणजे जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन. त्यांच्याच वर्षी जन्मलेल्या फ्रॉइडचे नाव कॉलेजच्या कट्ट्यावरही ऐकू येते. क्रेपेलिन मात्र डॉक्टरांच्या पाठ्यपुस्तकांतच राहून गेले.

जर्मनीतल्या नॉयस्ट्रेलिट्झ या लहानशा गावी १५ फेब्रुवारी १८५६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील नाटकांत आणि संगीतात रमलेले. थोरला भाऊ कार्ल निसर्गशास्त्राचा वेडा. पुढे तो हॅम्बुर्गच्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचा संचालक झाला. वनस्पती गोळा कराव्यात, त्यांची वर्गवारी करावी, हे वळण धाकट्या एमिलला या भावाकडून लागले. वुर्झबर्ग येथे १८७८ साली ते डॉक्टर झाले आणि मनोरुग्णांवर उपचार करण्याचे त्यांनी ठरवले. त्या काळी ही वाट फारशी मानाची नव्हती. वेड्यांची इस्पितळे म्हणजे माणसे कोंडून ठेवण्याच्या जागा, अशीच लोकांची समजूत होती.

म्युनिकला प्रा. फॉन गुडेन यांच्या हाताखाली त्यांनी चार वर्षे काढली. तिथले संशोधन म्हणजे मेंदूचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. क्रेपेलिन यांचे डोळे अधू, त्यामुळे ते काम त्यांना झेपेना. १८८२ साली ते लाइपझिगला गेले. ओढा होता तो विल्हेल्म वुण्ट यांच्या प्रयोगशाळेचा. मनाचे व्यापारही मोजता येतात, हे दाखवण्यासाठी वुण्ट यांनी १८७९ मध्ये ती उभारली होती. पण पोटासाठी नोकरी धरली ती प्रा. फ्लेक्सिग यांच्या मनोरुग्णालयात. फ्लेक्सिग मेंदूच्या रचनेचे अभ्यासक. हाताखालच्या तरुण डॉक्टरचा जीव मात्र मानसशास्त्रात. काही महिन्यांतच क्रेपेलिन यांना नोकरीवरून काढून टाकण्यात आले.

वय सव्वीस. हातात कायमचे काम नाही, लग्न ठरून वर्षे लोटलेली. संशोधनाची हौस भागवायची की संसार उभा करायचा, हा प्रश्न आजच्याही अनेक तरुण डॉक्टरांना पडतो. वुण्ट यांच्या प्रयोगशाळेत शिकायला मिळत होते, पण त्यावर घर चालणार नव्हते. १८८३ साली, मिळकतीच्या गरजेतून, त्यांनी मनोविकारशास्त्राचे एक छोटेखानी क्रमिक पुस्तक लिहून काढले. गरजेपोटी लिहिलेले तेच पुस्तक त्यांचे आयुष्यभराचे काम ठरले. दर आवृत्तीत ते नव्याने लिहीत गेले आणि आठव्या आवृत्तीपर्यंत त्याचे चार जाडजूड खंड झाले. नोकरीसाठी गावे बदलत १८८४ साली त्यांनी इना यांच्याशी लग्न केले, आणि १८८६ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, आजच्या एस्टोनियातील डॉर्पाट येथे ते प्राध्यापक झाले.

तिथे एक वेगळीच अडचण समोर आली. बहुतेक रुग्ण एस्टोनियन बोलणारे, आणि डॉक्टरांना ती भाषा येत नाही! दुभाष्याच्या मदतीने किती विचारणार? तेव्हा त्यांचा भर प्रयोगांवर राहिला. चहा, मद्य, झोपेची औषधे यांचा मनाच्या वेगावर काय परिणाम होतो, हे त्यांनी स्वतःवर आणि सहकाऱ्यांवर मोजले. एकेरी अंकांच्या बेरजा करत राहायला सांगून मनाला थकवा कसा येतो, तेही पाहिले. पुढे त्यांनी मद्य कायमचे सोडले. बिअरच्या म्युनिकमध्ये दारूविरुद्ध बोलणारा हा प्राध्यापक थट्टेचा विषय झाला, पण मागे हटला नाही.

१८९१ साली ते हायडेलबर्गला आले आणि खरे काम तिथे उभे राहिले. त्याचे साधन अगदी साधे होते: पुठ्ठ्याची कार्डे. प्रत्येक रुग्णामागे एक कार्ड. त्यावर आजाराची लक्षणे, त्याची वाटचाल आणि निदान थोडक्यात लिहायचे. रुग्ण घरी गेला किंवा दुसऱ्या इस्पितळात हलवला, तरी त्याचा पाठपुरावा सोडायचा नाही. वर्षांनी पुन्हा माहिती मिळवायची आणि पहिले निदान चुकले असेल तर बदलायचे. ही शेकडो कार्डे सुटीतही क्रेपेलिन यांच्यासोबत असत. ती पसरून, लावून, पुन्हा मोडून लावताना त्यांना दोन वाटा दिसू लागल्या. काही रुग्णांत उदासी आणि उन्माद यांचे झटके येत व ओसरत. काहींची स्थिती मात्र हळूहळू ढासळत जाई. १८९९ च्या सहाव्या आवृत्तीत हा भेद त्यांनी ठळकपणे मांडला. त्यातल्या पहिल्या आजाराचे आजचे नाव बायपोलर. दुसऱ्याला स्विस डॉक्टर ब्लॉयलर यांनी स्किझोफ्रेनिया हे नाव दिले. पुढे १९२० मध्ये क्रेपेलिन यांनी स्वतःच लिहिले की ही सीमारेषा समजली होती तितकी स्वच्छ नाही. उभ्या आयुष्याची कमाई अशी पुन्हा तपासायला काढणे सोपे नसते.

तरुणपणी आपल्याला जे मिळाले नाही, ते त्यांनी पुढच्या पिढीला दिले. १९०४ साली म्युनिकमध्ये त्यांचे नवे रुग्णालय सुरू झाले, तेव्हा वॉर्डांना लागूनच प्रयोगशाळा होत्या. ज्या सूक्ष्मदर्शकाने त्यांना दाद दिली नव्हती, त्याच कामासाठी त्यांनी निसल आणि आलॉइस अल्झायमर यांच्यासारखी माणसे जमवली. सकाळी रुग्ण पाहावा, दुपारी प्रयोगशाळेत बसावे, अशी ती शाळा. १९०६ मध्ये अल्झायमर यांनी एका स्मृती गमावलेल्या स्त्रीच्या मेंदूतील बदल मांडले, आणि १९१० मध्ये आपल्या पुस्तकात त्या आजाराला शिष्याचे नाव दिले ते क्रेपेलिन यांनी. १९१७ साली, महायुद्ध चालू असताना, त्यांनी मनोविकारांसाठी स्वतंत्र संशोधन संस्था स्थापन केली. त्यासाठी मोठी देणगी दिली ती जेम्स लोब या अमेरिकन ज्यू धनिकाने. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी क्रेपेलिन वारले.

चरित्र इथे संपवले, तर ते अर्धेच राहील. या शाळेतल्या दोन विद्यार्थ्यांची गोष्ट सांगायलाच हवी.

पहिला सॉलोमन कार्टर फुलर. गुलामगिरीतून स्वतःला सोडवून लायबेरियात गेलेल्या माणसाचा हा नातू. अमेरिकेत डॉक्टर झाला आणि १९०४ साली अल्झायमर यांच्याकडे शिकायला आला. परत जाऊन त्याने स्मृतिभ्रंशावर संशोधन केले, बोस्टनमध्ये वर्षानुवर्षे शिकवले, कृष्णवर्णीय तरुण डॉक्टरांना तयार केले. वर्णभेदामुळे त्याला डावलले गेले, तरी हातचे काम त्याने सोडले नाही.

दुसरा एर्न्स्ट र्‍यूडिन. त्याने मनोविकारांच्या आनुवंशिकतेचा अभ्यास केला. मोजणी काटेकोर, नोंदी चोख. तो क्रेपेलिन यांच्या संस्थेचा १९३१ मध्ये प्रमुख झाला, आणि १९३३ साली हिटलरच्या राजवटीने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला तेव्हा त्यावरच्या अधिकृत भाष्याचा सहलेखकही झाला. त्या कायद्याखाली सुमारे चार लाख माणसांची नसबंदी करण्यात आली. त्याच राजवटीने पुढे हजारो मनोरुग्णांना ठारच मारले. क्रेपेलिन तेव्हा हयात नव्हते. पण वंश दिवसेंदिवस ऱ्हास पावतो आहे, ही समजूत त्यांनीही जोपासली होती, आणि ज्यूंविषयीचे पूर्वग्रह त्यांच्याही लेखनात आहेत. कार्ड वारंवार तपासणाऱ्या या माणसाने ही समजूत मात्र कधी पेटीत टाकून तपासली नाही.

आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकारशास्त्रात एम.डी. करणाऱ्या डॉक्टरांना तीन वर्षांत प्रबंध लिहावा लागतो. बाह्यरुग्ण विभागातली गर्दी, रात्रपाळ्या, परीक्षा यांत तो कसाबसा उरकला जातो. रुग्णाची लेखी संमती, नीतिमत्ता समितीची मंजुरी हे सोपस्कार म्हणजे कागदांची कटकट वाटते. या कागदांमागे १९४७ सालचा न्यूरेंबर्गचा निवाडा आहे, आणि त्यामागे अशाच उत्तम प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरांची कृत्ये आहेत. संशोधक घडवायचा तर त्याला वेळ हवा, पगार हवा, चांगला गुरू हवा. क्रेपेलिन यांचे आयुष्य हे पटवून देते. कार्डावर लिहिलेले नाव एका जित्याजागत्या माणसाचे आहे, हे मात्र त्याला पहिल्या दिवसापासून वेगळे शिकवावे लागते. मोजायला शिकला म्हणून ते आपोआप येत नाही.